आठशे सीसीचा नाद

कोल्हापुरात प्रत्येक पेठेत एक तालीम असते, एक तरुण मंडळ असतं आणि एक अशी गाडी असते, जिची कंपनी ओळखायला खाली वाकून बघावं लागतं. त्या गाडीपुढं एक माणूस उकिडवा बसलेला असतो. हातात दहा-अकराचा पाना, दातांत इन्सुलेशन टेपचा तुकडा, आणि बनियनवर ग्रीसचा डाग. गॅरेजात त्याला सगळे ‘मालक’ म्हणतात. घरात तसं कुणी म्हणत नाही. ज्या पतसंस्थेत तो कॅशिअर आहे, तिथं दिवसभर दुसऱ्याच्या नोटा मोजून झाल्यावर स्वतःला मालक म्हणवून घ्यायला त्याच्याकडं काही उरत नाही. म्हणून रविवार गॅरेजात.

आमच्या मालकांची गाडी म्हणजे मारुती ८००. पांढरी, तिसऱ्या हातातली. ह्या गाडीची थोरवी काय सांगावी! डिसेंबर १९८३ मध्ये पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली ठेवली ती खुद्द इंदिरा गांधींनी. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावर आल्या आणि इथंच घोळ झाला, कारण त्या सगळ्या एकसारख्या. लग्नसराईत मंगल कार्यालयाबाहेर एका रांगेत आठ पांढऱ्या आठशे उभ्या असायच्या. किल्ल्या झिजल्या की एकीची दुसरीला लागायची. एखादा पाहुणा भलत्याच गाडीत बसून ‘माझी कॅसेट कुणी बदलली रे?’ म्हणून ओरडायचा.

मला विचाराल तर मालकांच्या दुखण्याचं मूळ ह्या रांगेत आहे. वेग, पिकअप, रेसिंग ह्या चारचौघांत सांगायच्या गोष्टी. पंचवीस लाखांतली ही एक माझी आहे, एवढंच त्यांना जगाला दाखवायचं असतं. आणि तेही गॅस, फी, दूध आणि भिशी वजा जाता पगारातून जे उरतं तेवढ्यात.

सुरुवात नंबर प्लेटपासून झाली. नशीबवान लोकांना ४१४१ मिळतो, त्याचा ‘दादा’ होतो. २१४ चा ‘राम’ होतो. ८०५५ वाला इंग्रजीत बॉस होऊन फिरतो. मालकांना मिळाला ७०३६. एक अख्खी संध्याकाळ ते पोराच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन बसले होते. सात उलटा करून पाहिला, शून्याला शेपूट काढून पाहिलं, सहाला मात्रा दिली. शब्द काही निघेना. शेवटी पेंटर म्हणाला, “मालक, ह्यातनं फार तर ‘७०३६’ निघंल.” पुढं सरकारनं उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची केली आणि दादा, राम, बॉस सगळे एका ओळीत आले. त्या दिवशी मालकांनी गल्लीत पेढे वाटले असते, पण तेवढ्यात त्यांना मॅग व्हील दिसली होती.

मॅग व्हील म्हणजे ह्या पंथाची मुंज. आठशेची मूळची चाकं बारा इंची, अंगानं किरकोळ. मालकांनी स्क्रॅपवाल्याकडून तेरा इंची चार आणली, त्यातलं एक वेल्डिंग केलेलं, आणि त्यावर रुंद टायर चढवले. गाडी उभी असताना खरोखर देखणी दिसायची. अडचण चालू झाल्यावर. पूर्ण वळण घेतलं की टायर आतून मडगार्डला घासून ‘खर्रर्र’ करायचा. पॉवर स्टिअरिंग नसल्यानं बिंदू चौकात गाडी वळवली की मालकांच्या दंडाला तालमीत न जाता आकार यायचा.

पण खरी गंमत मीटरची. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, आणि मीटर मात्र जुन्याच हिशेबानं मोजत राहतो. म्हणजे काटा ६० वर असतो तेव्हा गाडी ६४ च्या आसपास असते. हे ऐकल्यावर मालकांचा चेहरा उजळला. “म्हणजे गाडी फास्ट झाली की नाय?” झाली. पण किलोमीटरही त्याच मीटरवर मोजायचे असल्यामुळं तेही कमी दिसू लागले आणि कागदावरचं ॲव्हरेज पडलं. इंजिनाचा एकही नट न फिरवता वेग वाढला आणि ॲव्हरेज घटलं. त्यावर त्यांनी आठवडाभर विचार केला आणि ॲव्हरेज काढायचं बंद केलं.

जोतिबाच्या घाटात मात्र हिशेब लपवता येत नाही. ७९६ सीसीच्या तीन सिलेंडरांत मोजून ३७ अश्वशक्ती. तिच्यावर जड चाकं, मागं बेस ट्यूब, आत बायको, दोन पोरं, सासूबाई आणि गुलालाची पिशवी. पहिल्या चढाला एसी बंद, दुसऱ्या चढाला गाणी बंद, तिसऱ्याला मोठा मुलगा खाली उतरून चालत. तो गाडीच्या आधी वर पोहोचला, असं वहिनी म्हणतात. मालक म्हणतात, बरोबरच पोहोचला.

मग शक्ती वाढवायची म्हणून पुंगळी. उद्यमनगरात तुम्ही काय न्याल ते बनवून देणारी माणसं आहेत. ह्या शहरानं लेथवर इंजिनं घडवली, तिथं सायलेन्सर म्हणजे काय! कारागिरानं एकदा मालकांकडं, एकदा गाडीकडं पाहिलं. “आवाज पायजे का पॉवर पायजे?” मालक म्हणाले, “दोन्ही.” कारागीर म्हणाला, “आवाज मिळंल.” आणि तो शब्दाला जागला. मूळ सायलेन्सरच्या पोटातल्या जाळ्या आणि पडदे नसले की एवढ्याशा इंजिनाची ताकद जाणवेल इतकी काही वाढत नाही, पण गाडी पेठेत शिरायच्या आधी आवाज शिरतो. धाकट्या मुलीनं शाळेपासून दोन चौक अलीकडं उतरायला सुरुवात केली. पोलीस असल्या पुंगळ्या जप्त करून रोडरोलरखाली घालतात, त्याचे फोटो पेपरात येतात. मालक तेवढं पान घडी घालून ठेवायचे, म्हणजे घरात कुणाच्या हाती लागू नये.

साठच्या वेगाला आत बसलेल्यांच्या कानात असा घुमारा भरायचा की बोलणं खुणांनी. त्यावर उपाय निघाला डॅम्पिंगचा. दरवाज्याच्या पत्र्याला आतून जाड चिकट शीट लावली की पत्रा थरथरत नाही, हे खरं. चांगली शीट ब्युटाइलची येते आणि महाग असते. मालकांनी गच्ची गळू नये म्हणून लावतात ती डांबरी पट्टी आणली. हेअर ड्रायरनं गरम करून, लाटण्यानं दाबून (वहिनींचंच लाटणं) चारी दरवाजांना आतून इतकी सुबक बसवली की मी स्वतः हात फिरवून वाहवा केली. पौष महिना होता. चैत्रात डांबर जागं झालं. दुपारी गाडीचं दार उघडलं की उकळत्या डांबराचा वास भपकन अंगावर यायचा. वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, गाडीत बसलं की हायवेचं काम सुरू असल्यागत वाटतंय बघा. नुसता झेंडा घेऊन बाहेर कुणी उभा पायजे.”

आधी आवाज विकत घ्यायचा आणि मग तो थांबवायला पैसे मोजायचे, असं हे अर्थशास्त्र. पण घरातल्या वहीत ह्यातलं काहीही सापडणार नाही. मालक कॅशिअर आहेत. नोंद कशी करावी हे त्यांना कळतं. मॅग व्हील आली त्या दिवशी वहीत लिहिलं होतं ‘ऑइल बदललं’. पुंगळी लागली, ‘ऑइल बदललं’. बेस ट्यूब, स्पॉयलर, लाल सीट कव्हरं, सगळ्यांना एकच खातं. वर्षअखेरीला वहिनींनी बेरीज केली. “भावजी, गाडीनं वर्षात जेवढं ऑइल प्यायलंय, तेवढं आमच्या घरात गोडं तेल लागलं नाही. आणि ह्यांनी मला फोडणीला दोन थेंब कमी घाल म्हणून सांगावं!”

स्पॉयलरबद्दल मी फार बोलणार नाही. तो दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा होता, एम-सील आणि स्क्रूवर उभा होता, आणि त्याच्या भोकांतून पावसाळ्यात डिकीत इतकं पाणी झिरपलं की गिरणीला नेताना सांडलेल्या गव्हाला मोड आले.

एक काम मात्र मालकांनी असं केलं की त्यासाठी बाकी सगळं माफ करावं. जुन्या आठशेचा उजेड म्हणजे समोरून कोण येतंय ते येऊन गेल्यावर कळायचं. लोक काय करतात, जास्त वॅटचा बल्ब घालतात. मग वायर तापते आणि होल्डर वितळतो. मालकांनी बल्बला हात लावला नाही. त्यांनी मला बॉनेटखाली डोकं घालायला लावून समजावलं. बॅटरीतला करंट आधी स्टिअरिंगजवळच्या बटणापर्यंत जातो आणि तिथून परत बल्बकडं येतो, तोही बारीक, म्हाताऱ्या वायरीतून. वाटेत व्होल्टेज गळतं. रिले घातला की करंट बॅटरीतून जाड वायरीनं थेट बल्बला, आणि बटणानं फक्त हुकूम सोडायचा. रिलेला चार पिना. तीसला बॅटरी, मध्ये फ्यूज. सत्त्याऐंशीला बल्ब. पंच्याऐंशी अर्थ, शहाऐंशी बटणाकडून. हे आकडे ते जप केल्यासारखे म्हणत होते. लग्नाचा वाढदिवस त्यांना विचारावा लागतो. प्रत्येक जोडाला सोल्डर, सोल्डरवर नळी, नळीवर टेप, आणि सगळ्या वायरी एका रेषेत बांधलेल्या. खर्च काहीशे रुपये. त्या रात्री पन्हाळ्याच्या रस्त्याला तोच बल्ब पांढराशुभ्र पडला आणि कडेचा दगडन् दगड दिसला. ह्या कामाचं कौतुक मात्र कुणी केलं नाही, कारण ते बॉनेटखाली होतं. आणि वहीतही तेवढीच एक नोंद खरी होती: ‘रिले २ नग’. वहिनींना नेमका तिचाच संशय आला.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या कागदावर जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करायची नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. दंड आहे प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. हे मी मालकांना घाबरवायला म्हणून सांगितलं. ते खिशातून पेन काढून बोटांवर मोजू लागले. चाकं, पुंगळी, स्पॉयलर, कापलेल्या स्प्रिंगा, हॉर्न… नऊ भरले. नऊ पाचे पंचेचाळीस. “पंचेचाळीस हजार! मर्दा, एजंट अख्ख्या गाडीचे चाळीस द्यायला तयार नाय. सरकारला तरी कळली म्हणायची किंमत.”

पण पंधरा वर्षं भरली आणि फेरनोंदणी आली, तेव्हा ही मिजास उतरली. आरटीओत गाडी दाखवायची म्हणजे कंपनीतून आली तशी दाखवायची. मालक शिडी लावून माळ्यावर चढले आणि वहिनींना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं की आपल्या माळ्यावर दिवाळीचे डबे मागं आणि अर्धी मारुती पुढं आहे. तांदळाच्या पोत्यांत बांधलेली बारा इंची चाकं, जुना सायलेन्सर, न कापलेल्या स्प्रिंगा, मूळची जाळी, अगदी चाकाच्या प्लास्टिक टोप्यासुद्धा, प्रत्येकीवर ‘डावी पुढची’, ‘उजवी मागची’ अशी चिठ्ठी. असा माणूस उधळ्या आहे असं कोण म्हणेल? सलग दोन रविवार पेठेतून वेगवेगळे नट पडल्याचे आवाज येत होते.

गाडी पास झाली, पर्यावरण कर भरला, पाच वर्षांची मुदत मिळाली. आणि येताना ती चक्क पळाली! हलकी झाली होती, वळत होती, आतलं बोलणं ऐकू येत होतं. वहिनी मागं बसून चक्क गुणगुणल्या. मालक एकटे गप्प. घरापुढं लावली तर गाडी गाडीसारखी दिसेना, म्हणजे त्यांना. बाकी सगळ्यांना पहिल्यांदाच गाडीसारखी दिसली.

अशा साफ गाडीला गिऱ्हाईक यायला वेळ लागत नाही. पलीकडच्या गल्लीतला एक पोरगा आला, नुकतंच लायसन काढलेला, नुकताच एमआयडीसीत चिकटलेला. एजंटपेक्षा दहा हजार जास्त देतो म्हणाला. वहिनींनी चहात साखर जास्त घातली. मालकांनी एकच प्रश्न विचारला, “घेऊन करणार काय हिचं?”

“काय नाय काका. अशीच चालवणार.”

“अशीच?”

“व्हय. कंपनी फिटिंग हाय, कशाला हात लावायचा?”

मालक उठले, किल्ली खुंटीला अडकवली आणि म्हणाले, “मग नवीन घे जा.”

वहिनी तीन दिवस बोलल्या नाहीत. पोरगा मात्र दुसऱ्या दिवशी परत आला. त्याला म्हणे रात्री झोपच लागली नाही. त्या रविवारी दोघं बॉनेटखाली होते. पोराच्या हातात टॉर्च, मालकांच्या दातांत टेप, आणि ‘तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीला बल्ब’ अशी संथा चाललेली. पुढच्या रविवारी पोरानं स्वतःच विचारलं, “काका, ती मॅग व्हील अजून माळ्यावरच हायत न्हवं?” व्यवहार ठरला, पण गाडीचा नव्हे; गाडी मालकांचीच राहिली. पोरगा आता त्याच्या आईच्या नावावरची जुनी अल्टो घेऊन येतो.

परवा त्याची आई वहिनींकडं हळदीकुंकवाला आली होती. वाण घेता घेता कौतुकानं सांगत होती, पोरगं गाडीची काळजी फार घेतंय, दर पंधरा दिवसांनी ऑइल बदलतंय म्हणून. वहिनींनी तिला बाजूला नेलं, खाली बसवलं आणि आधी पाणी दिलं.