फेब्रुवारीचे जादा शंभर

फेब्रुवारी हा वर्षातला सगळ्यात तोकडा महिना आणि नेमका त्याच महिन्यात बदलापूरच्या चाकरमान्याचा व्यवसाय कर शंभर रुपयांनी वाढतो. एरवी २००, फेब्रुवारीत ३००. सकाळच्या लोकलमध्ये दरवर्षी यावर परिसंवाद भरतो. एक जण म्हणतो, कंपनीने ढापले. दुसऱ्याला पगार काढणाऱ्या पोराची चूक वाटते. तिसरा वर्षानुवर्षं दारातच उभा राहून प्रवास करत आलेला, त्यामुळे सर्वज्ञ. तो निकाल देतो, "अरे, लीप वर्षाची भरपाई असते ती."

खरं कारण राज्यघटनेत आहे. कलम २७६ प्रमाणे व्यवसाय कर माणशी वर्षाला २,५०० रुपयांच्या वर नेता येत नाही. आधी ही मर्यादा २५० होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने तिच्यावर एक शून्य चढवलं. आता २,५०० ला बाराने भागून बघा. २०८ रुपये ३३ पैसे येतात आणि पैसेही संपता संपत नाहीत. त्यापेक्षा अकरा महिने २०० आणि शेवटी ३०० हे बरं. शेवटचा महिना फेब्रुवारी, कारण या कराचं वार्षिक विवरणपत्र मार्च ते फेब्रुवारीच्या पगाराचं असतं. केंद्राचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, राज्याच्या या कराचं मार्चला, आणि पगारदाराचं एक तारखेला सुरू होऊन दहा तारखेला संपतं.

१९८८ नंतर वडापाव कुठल्या कुठे गेला, बदलापुरातल्या वन रूम किचनचा भाव तर विचारू नये. हे २,५०० मात्र जागचे हललेले नाहीत. इतका सोशिक कर दुसरा दाखवून द्यावा.

हे पैसे जातात कुठे, हेही दारातल्या सर्वज्ञाला कुणी सांगितलेलं नसतं. व्यवसाय कराचा कायदा १९७५ चा. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमी योजना उभी केली, वि. स. पागे यांच्या डोक्यातून आलेली. तिला पैसा हवा होता, तो शहरातल्या पगारातून काढायचं ठरलं. म्हणजे मुंब्र्याच्या वळणावर दांडीला लोंबकळणाऱ्या माणसाने कुठल्या तरी पाझर तलावाच्या बांधावर दोन पाट्या माती टाकलेली आहे. पगाराच्या चिठ्ठीवर एवढं छापलं असतं तरी तो जरा ताठ लोंबकळला असता.

केंद्राची कापणी निराळी. डिसेंबर-जानेवारीत ऑफिसातून 'प्रूफं जमा करा' असा हुकूम सुटतो. जुन्या करपद्धतीला चिकटून राहिलेली मंडळी मग भाडेपावत्यांच्या मागे लागतात. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. त्यामुळे या पट्ट्यातली कितीतरी भाडी महिना ८,३०० वर येऊन थांबलेली आढळतात. अर्थशास्त्रज्ञांना याचा उलगडा होणार नाही, पावतीबुकवाल्याला होतो. त्यातून घरभाडे भत्त्याच्या सवलतीत घर मुंबईत असेल तर मूळ पगाराचा निम्मा भाग धरतात, बदलापुरात असेल तर ४० टक्के. माणूस नोकरी मुंबईत करतो, जेवणाचा डबा मुंबईत उघडतो, लोकलमध्ये जागा मिळाली तर मुंबईपर्यंत झोपतोही. पण आयकर खातं उशी कुठे आहे एवढंच बघतं.

अमेरिकेत पगाराला संघराज्याची आणि राज्याची अशा दोन कात्र्या लागतात म्हणे. आपल्या यूएसएत, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशनच्या मुलखात, त्यांची संख्या जास्तच भरेल. सात तारखेपर्यंत टीडीएस. पंधरापर्यंत पीएफ आणि ईएसआय. महिनाअखेरीला व्यवसाय कर. कंपनीचा वर्षाचा व्यवसाय कर लाखाच्या आत असेल तर तो ३१ मार्चला एकदाच. जून आणि डिसेंबरात कामगार कल्याण निधीचे २५ रुपये. तिमाहीचं टीडीएस विवरणपत्र राहिलं तर रोजचे २०० रुपये. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतला एखादा अकाउंटंट देवाच्या तिथी विसरेल, या विसरायचा नाही.

"शेठ, पंधरा तारीख आली."

"मग? दर महिन्याला येते ती."

हा संवाद चौदा तारखेला संध्याकाळी होतो. रात्री पोर्टल गोल गोल फिरत बसतं आणि डिजिटल सहीचा डोंगल शेठच्या घरी कपाटात असतो.

जीन्स शिवणाऱ्या एखाद्या युनिटमध्ये नवरा-बायको शेजारच्या मशीनवर बसतात, दोघांना महिना १८,०००. त्याचे २०० कापले जातात, तिचे शून्य. कारण एप्रिल २०२३ पासून महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. ईएसआय मात्र दोघांचाही कापला जातो, पाऊण टक्का, प्रत्येकी १३५ रुपये. पगाराच्या दिवशी तिच्या हातात २०० जास्त पडतात आणि घरात बाजार कुणी आणायचा हा प्रश्न कायद्यानेच सुटतो.

सगळ्यात गमतीचा आकडा वीस. वीस माणसं झाली की पीएफ लागू. त्यामुळे छोट्या कारखान्यांत एकोणिसाव्या माणसापर्यंत भरती झपाट्याने होते आणि विसावा कायम 'गावाहून आलेला भाचा' असतो. तपासनीस दारात आला की भाचा चहा आणायला जातो आणि त्या दिवशी चहाला फार वेळ लागतो. ठेकेदाराची माणसंही त्याच विसात धरतात, हे शेठला ठाऊक असतं. पण त्या दिवशी आठवत नाही.

चिठ्ठीवर कापलेलं दिसतं म्हणजे सरकारात भरलंच असं नाही. तेव्हा आज रात्री कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसायला मिळालं, तर रील बघण्याआधी उमंग अॅपवर पीएफचं पासबुक उघडा आणि आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनसमोर टीडीएस जमा दिसतो का तेही पाहा. दिसत नसेल तर उद्या अकाउंटंटला गाठा, तेही पंधरा तारखेच्या आत.