संशयित वाघ कसा ओळखावा : हौशी तपासनिसांसाठी मार्गदर्शिका

चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाघाने माणूस मारला की वनरक्षक घटनास्थळी पोहोचायच्या आधी आरोपी ठरलेला असतो. तो टपरीवर ठरतो, खर्रा घोटून होईपर्यंत. या कामाला काही शिस्त असावी म्हणून ही मार्गदर्शिका. ती सर्वांसाठी खुली असली तरी लिहिली आहे माझ्या साडभाऊंसाठी. ते नागपूरला असतात, हातभर लांब लेन्स बाळगतात आणि ब्रह्मपुरी तालुक्यात कुठेही खुट्ट झाले की मला फोन करून विचारतात, "कोण होता?" मेला कोण, असे ते विचारत नाहीत. मारणारा कोण, एवढाच त्यांचा प्रश्न असतो.

आधी संशयित निवडावा, पुरावा मागाहून गोळा होतो. संशयित वजनदार असावा. ताडोबातले मटकासुर, माया, वाघडोह या वाघांची खानदाने साडभाऊंना तोंडपाठ आहेत. स्वतःच्या चुलतभावाची मुले किती, हे मात्र त्यांना बायकोला विचारावे लागते. पंचाईत अशी की बहुतेक गुन्हे सफारीच्या रस्त्यावर घडत नाहीत. ते घडतात बाहेर, झुडपी जंगलात, धानाच्या बांधीला लागून, आणि तिथल्या वाघांना नावे नसतात. राजुऱ्याकडे २०१९ पासून आठ जणांचा जीव गेला, त्याचा संशयित नुसता आरटी-१. तो २७ ऑक्टोबर २०२० ला पिंजऱ्यात आला. वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा मिळून तेरा बळींचा हिशेब ज्याच्या खात्यावर होता तो सीटी-१. त्याला १३ ऑक्टोबर २०२२ ला वडशाच्या जंगलात बेशुद्ध करून धरले. एसटीच्या गाड्यांना शोभतील असे हे नंबर. असल्या संशयितावर जीव कसा जडावा?

शेजारच्या यवतमाळात हे बरोबर जमले. पांढरकवड्याची टी-१ वाघीण लोकांनी 'अवनी' केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोव्हेंबर २०१८ मध्ये ती गोळीला बळी पडली, त्याआधी तिला भुलवायला जंगलात कॅल्विन क्लाइनचे 'ऑब्सेशन' नावाचे अत्तर शिंपडले होते. ही बातमी जगभर गेली. साडभाऊंनी तेव्हा मला फोन करून त्या बाटलीची किंमत विचारली होती. तपासाची दिशा कुठवर भरकटू शकते, ते यावरून कळावे.

आता ठसा. पंजात नखे उमटलेली दिसली तर आरोपी कुत्रा किंवा तडस. मुकाट घरी यावे. वाघ नखे आत ओढून चालतो. नराचा ठसा चौकोनी भरतो, मादीचा जरा लांबट. पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो, आणि हौशी माणूस टेप नेमका पुढच्याला लावतो, कारण आकडा मोठा आला की बातमी मोठी होते. बोडीच्या काठच्या चिखलात पंजा पसरतो, उतारावर बोटे घसरतात, कोरड्या फुफाट्यात कडाच राहत नाहीत. शिवाय आपल्या आधी पन्नास माणसे त्याच वाटेने 'बघून' गेलेली असतात. वनरक्षक बिचारा उरलेल्या एका ठशाभोवती दगड मांडून उभा असतो. त्याला "नर का मादी?" विचारू नये. रात्रभर जागा असतो तो.

पट्टे. ट्रॅप कॅमेऱ्यात ओळख पटते ती पट्ट्यांवरून, आणि वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीशी जुळत नाहीत. म्हणून कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बांधतात. साडभाऊंनी एकदा डावा फोटो आणि उजवा फोटो शेजारी ठेवून दोन वाघांची टोळी सिद्ध केली होती. त्यांच्या ग्रुपवर तिला अजून मान्यता आहे.

लाळ, केस, विष्ठा यांत हौशी माणसाने पडू नये. ते नमुने डीएनए तपासायला प्रयोगशाळेत जातात आणि तिकडून उत्तर यायला वेळ लागतो. टपरीला तेवढा वेळ नसतो. वाघ मारण्याच्या आदेशावरच्या सहीचेही तसेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी लागते. धरणे, बेशुद्ध करणे, दुसरीकडे हलवणे यांतले काहीच शक्य नाही, असे दिसल्यावरच गोळीची गोष्ट. टपरीवर हे सगळे सव्वा मिनिटात आटोपते.

व्हिडिओवर भिस्त ठेवू नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रह्मपुरीच्या विश्रामगृहाबाहेर खुर्चीत बसलेल्या माणसाला वाघ उचलून नेतो, असा व्हिडिओ गावोगाव फिरला. तो यंत्राने बनवलेला निघाला. साडभाऊंनी तोवर त्यातल्या वाघाचे वय, बाप आणि इलाखा कळवला होता.

यापुढचा नियम मी चार वेळा लिहून खोडला, कारण त्यात गंमत बसत नाही. मोहफूल वेचणारी बाई उकिडवी बसते, तेंदूपत्ता तोडणारी वाकलेली असते. झुडपाआडून ते माणसाचे रूप वाटत नाही, चार पायांचे जनावर वाटते. उन्हाच्या आधी पाने तोडून व्हावीत म्हणून पहाटेच्या अंधारात निघायचे, सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा, असे शेकडो पुडे बांधायचे, आणि हे सगळे एप्रिल-मेच्या मोजक्या दिवसांत, कारण पुढे वर्षभर या पैशाला दुसरी वाट नाही. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाहीच्या जंगलात एकाच दिवशी तिघी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. सरकार वारसांना पंचवीस लाख देते. आमचे सगळे डिटेक्टिव्ह त्या दिवशी ती वाघीण कोणाची मुलगी, यावर रात्री बारापर्यंत भांडत होते. पुढच्या सकाळी त्याच गावातल्या बायका त्याच जंगलात जाणार की नाही, हे कोणी विचारले नाही. मीही त्या ग्रुपमध्ये होतो, आणि ग्रुप सोडला नाही. असो.

साक्षीदार कोण धरावा? फळीवरची, म्हणजे तेंदूपत्ता जमा करण्याच्या केंद्रावरची, कोणतीही पोक्त बाई. साडभाऊ मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले, तेव्हा त्यांना अशा एका मावशींकडे नेले. मावशी पुडे उलटवत म्हणाल्या, "वाघीन हाये जी, पिल्लावाली. नाल्याच्या पल्याड बसते. मून आमी आठ दिस इकडंच तोडतो. एक जन उभी राहून पायते, बाकीच्या बोलत राह्यतात."

साडभाऊंनी वही काढली. "टी किती?"

"का मालूम जी. वाघीन हाये."

साडभाऊंनी वहीत लिहिले : साक्षीदार अविश्वसनीय.

शेवटचे, पण महत्त्वाचे. वाघ पिंजऱ्यात गेला म्हणून फाइल बंद करू नये. खरा तोच धरला का, याची वनखात्याची साधी कसोटी अशी की त्या भागातले हल्ले थांबतात का ते पाहायचे. त्याला महिने जातात. हौशी तपासनिसाने त्याच संध्याकाळी "चुकीचा वाघ धरला" असे जाहीर करून मोकळे व्हावे. पुरावा म्हणून गोरेवाड्याच्या बचाव केंद्राकडे चाललेल्या पिंजऱ्याचा फोटो पुरतो. त्यात वाघ नेहमी निर्दोषच दिसतो. साडभाऊंचा पुढचा संशयित ठरलाही आहे. त्याच्या मागावर राहण्यासाठी त्यांनी ताडोबाच्या मोहर्ली गेटची दोन दिवसांची सफारी बुक केली आहे. तो संशयित हिंडतो आमच्या घरामागच्या बांध्यांतून, मोहर्लीपासून कितीतरी लांब. हे त्यांना अजून सांगितलेले नाही. सांगितले तर मुक्कामाला आमच्याकडे येतील.