डॉक्टरांची गाडी, एकहाती

२००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६वर आलं आणि सेडानच्या शेपटीला कात्री लागली. २००८मध्ये इंडिगो सीएस आली. २०१२मध्ये डिझायरही ३,९९५ मिलिमीटरवर आखडली. करापायी डिकी गेली, रुबाब तेवढा उरला.

हाच रुबाब आता सेकंडहँड बाजारात मिळतो. तिथली प्रत्येक गाडी डॉक्टरांची, एकहाती आणि 'गावातल्या गावात' चाललेली. गावाबाहेरचे रस्ते मग कोणाच्या गाड्यांनी झिजवले, हे सार्वजनिक बांधकाम खात्यालाच ठाऊक. मीटर सांगतो चाळीस हजार. तळ गाठलेला क्लच आणि गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग मात्र उलट साक्ष देतात. साक्षीदार फितवायला सीट कव्हर नवं असतं.

नवा मालक बुश, बॅटरी, टायर बदलत राहतो. तरी कोणी विचारलं, की उत्तर एकच : 'मख्खन चालते!' त्याचाही इलाज नाही. उद्या त्यालाही ती विकायची आहे. फॉर्म २९ आणि ३०वर सह्या झाल्या, की आरटीओत फक्त मालकी बदलते. एमबीबीएसची पदवी विक्रेता स्वतःच घेतो.