टर्बोभाऊ

आमच्या गल्लीत सकाळी सहाला तीन आवाज होतात. घंटागाडीचं गाणं, दुधाच्या कॅनचा खडखडाट आणि टर्बोभाऊच्या गाडीचं बॉनेट उघडल्याचं 'खट्'. घंटागाडी दिवाळीला दांडी मारते, दूधवाला लग्नसराईत. बॉनेट मात्र लक्ष्मीपूजनालाही उघडतं. त्या दिवशी तर अर्धा तास आधी उघडतं.

त्याचं खरं नाव मी शाळेच्या हजेरीत तीन वर्षं पुकारलं आहे. पण आता ते बहुधा त्याच्या रेशनकार्डालाच आठवत असेल. वर्ध्यात देवळीच्या वाटेवर त्याचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचे पंप. वय चाळिशीला टेकलेलं, पोट वयाच्या दोन पावलं पुढे. तणनाशक घ्यायला आलेलं गिऱ्हाईक टर्बोची माहिती घेऊन परत जातं आणि तणनाशकासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं.

गाडी म्हणजे फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. चाकणला जन्मलेली, २०१३ची, एका डॉक्टरांकडून सेकंडहॅण्ड घेतलेली, एम-एच-बत्तीस पासिंग. इंजिन जेमतेम बाराशे सीसीचं, पण ताकद १०५ घोड्यांची. हे घोडे बाराशे सीसीत मावतात कसे, असं मी एकदा विचारून बसलो. मास्तराला प्रश्न विचारायची सवय असते. उत्तर ऐकायची नसते. त्या दिवशी लागली.

"सर, हे पाहा. जो धूर सायलेन्सरातून फुकट जाते नं, तो जाता जाता एक पंखा फिरवते. त्याच दांडीवर दुसऱ्या टोकाले दुसरा पंखा. तो भायेरची हवा दाबून दाबून इंजिनात कोंबते. मिनिटाले लाखाच्या वर चकरा! रात्रीच्या पोळ्यायचा सकाळी कुस्करा करते नं आपण, तसं. फुकट काई जाऊ द्याचं नाई."

विज्ञानाच्या तासाला हाच मुलगा खिडकीबाहेर बघत बसायचा. तेव्हा खिडकीबाहेर बहुतेक गाडी उभी असावी.

टर्बोभाऊचा खरा आजार वेग नव्हे, निवड आहे. एअर फिल्टर बदलायचा, एवढं ठरवायला त्याला आठ महिने लागले. दुकानाच्या उधारीच्या लांबुळक्या वहीत त्यानं मागच्या पानापासून सुरुवात केली. डावीकडे कागदी फिल्टर, उजवीकडे सुती. मध्ये धुण्याचा खर्च, तेलाचा खर्च, हवा किती, धूळ किती. हवेचा हिशेब तर त्यानं मलाच करायला लावला. बाराशे सीसीचं चार फटक्यांचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. म्हणजे पाच हजार फेऱ्यांना मिनिटाला तीन हजार लिटर. टर्बोनं कोंबलेली आणखी वेगळी. आणि एक किलो पेट्रोल नीट जळायला साडेचौदा किलोच्या वर हवा लागते. "म्हणजे पाहा सर, गाडी पेट्रोलवर चालते हे लोकायले वाटते. गाडी खाते ती हवाच. पेट्रोल म्हणजे नुसतं लोणचं."

वही पुढून उधारीनं भरत आली, मागून फिल्टरनं. दोन्ही टोकं मधोमध भेटली त्या दिवशी त्याच्या बायकोनं मला चहा देताना सांगितलं, "आमचं लग्न जमायले पंधरा मिनिटं लागले होते, सर. माह्या फोटोची दुसरी बाजूबी यायनं पाह्यली नाई."

शेवटी सुती फिल्टर आला. सहा हजारांच्या वरचा. लाल रंगाची पातळ सुती जाळी, घड्यांवर घड्या, वरून खास तेल लावलेलं. कागदी फिल्टर मळला की फेकायचा. हा धुवायचा, वाळवायचा, पुन्हा तेल लावायचं, झाला नवा. त्यानं खोकं आईपुढे उघडलं. बाईंचा जन्म देवळीकडच्या कपाशीत गेला. त्यांनी बोटानं चाचपून पाहिलं.

"कापूसच हाय नं हा?"

"हाव."

"अन् तेल लावलं हाय."

"हाव नं, माय."

"मंग वातच नं रे ते? सहा हजाराची वात?"

वर्धा हा कापसाचा जिल्हा. हिंगणघाट आणि पुलगावला कापडाच्या गिरण्या झाल्या. मगनवाडीत आणि सेवाग्रामात घराघरांत सूत निघालं. टर्बोभाऊचा आजोबा रोज पहाटे चरखा घेऊन बसे. पेळू सारखा हवा, चाती सरळ हवी, धाग्याला गाठ नको, यावरून म्हणे तो घर डोक्यावर घेई. ते आठवून मी टर्बोभाऊला सांगितलं, की बाबा रे, मोटारीचा आणि वर्ध्याच्या कापसाचा संबंध तुझ्याआधी जुळला आहे. हेन्री फोर्डनं १९४१ साली गांधीजींना पत्र लिहिलं. ते डिसेंबरात सेवाग्रामला पोचलं, आणि बापूंनी आपल्या सहीचा चरखा त्याला अमेरिकेत भेट पाठवला.

टर्बोभाऊ गंभीर झाला. "म्हणजे फोर्डानंबी वर्ध्याहूनच पार्ट मागवला!"

मग मी त्याला जुनी मंडळी सांगतात ती दुसरी गोष्ट सांगितली. जमनालाल बजाजांनी एका फोर्ड मोटारीला म्हणे बैल जुंपायची सोय केली होती, आणि तिला गमतीनं 'ऑक्स-फोर्ड' म्हणत. वर्ध्यातलं गाडीचं पहिलं मॉडिफिकेशन असं इंजिन बाद करण्याचं होतं. ही गोष्ट त्याला आवडली नाही. "इंजिनाले हात नाई लावा लागत, सर," एवढंच म्हणाला आणि वहीत काहीतरी खोडलं.

फिल्टर बसला. मी विचारलं, "फरक काय पडला?"

त्यानं ॲक्सिलरेटरवर पाय दिला. बॉनेटखालून 'सुऽऽऊ' असा आवाज आला. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्याला म्हणावं दम्यावर अडुळसा घे."

"ताकद?"

"दोन घोडे वाढले असन. एकशेपाचाचे एकशेसात." मग प्रामाणिकपणे म्हणाला, "धूळ कागदी फिल्टरच जास्त अडवते म्हणा." मी मनात भागाकार केला. घोडा तीन हजारांना पडला. चांगली बैलजोडी लाखाला हाती लागत नाही. मग स्वस्तच म्हणायचा.

कापसाच्या हंगामात तो वसुलीसाठी हिंगणघाटला गेला आणि गाडी एका जिनिंगच्या फाटकाशी दुपारभर उभी राहिली. परतल्यावर बॉनेट उघडलं तर आतल्या सांदीकोपऱ्यांत रुईचे तंतू, फिल्टरच्या डब्याच्या तोंडाशीही पांढरी लव. कापसाच्या फिल्टरला कापसानंच गाठलं होतं. मग धुणं निघालं. आतून बाहेर पाणी सोडायचं, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. आमच्या सामाईक दोरीवर माझा पंचा, त्याच्या आईचं लुगडं आणि मध्ये लाल फिल्टर. वाळल्यावर घडीघडीवर थेंबाथेंबानं तेल. जास्त झालं तर काही गाड्यांत ते पुढच्या सेन्सरवर जाऊन बसतं आणि इंजिन बावचळतं, म्हणून मोजून. चष्मा नाकावर आणून, श्वास रोखून तो तेल सोडत होता. मला त्याचा आजोबा आठवला. तोंड तेच, पेळूही जवळजवळ तोच.

फिल्टरानंतर सस्पेन्शन.

"सर, स्प्रिंग म्हणजे राग अन् शॉकअप म्हणजे समज. खड्डा आला की स्प्रिंगले राग येतेच, येऊ द्याचा. पण एकदाच. दुसऱ्यांदा उसळी नाई माराची, हे शॉकअप सांगते. तुमी वर्गात छडी उगारून ठेवून देत होते नं, तसं."

राग आणि समज दोन्ही बदलायचं ठरलं. आखूड आणि कडक स्प्रिंगा आल्या. गाडी पस्तीस मिलिमीटर खाली बसली. जमीन आणि गाडीचं पोट यांत मुळात साडेसहा इंचांची सोयरीक; ती पाचावर आली. वळणावर गाडी कलंडत नाही, रस्त्याला घट्ट चिकटते, वगैरे फायदे त्यानं सांगितले. मी विचारलं, वळण कुठं आहे? तो म्हणाला, "तेच तर शोधून राह्यलो."

कडकपणा मोजायचं त्याचं यंत्र अस्सल वर्ध्याचं होतं. गोरस भांडारातून गोरसपाक आणायचा, डबा मागच्या सीटवर ठेवायचा, देवळीपर्यंत जाऊन यायचं आणि अख्खे तुकडे मोजायचे. गोरसपाक मुळातच खुसखुशीत. बोट लागलं तरी विरघळतो. मूळच्या स्प्रिंगांवर बारापैकी अकरा शाबूत आले होते. नव्यावर डबा उघडला तर आत रवा. दोन आठवडे आमच्याकडे सकाळी दुधात चमचाभर 'सस्पेन्शन' घालून खाणं चाललं. मग त्यानं फिरवता येणारे शॉकअप बसवले. वर एक गोल चकती, ती फिरवली की 'टिक टिक' वाजते आणि कडकपणा कमीजास्त होतो. तेव्हापासून कसा आहेस विचारलं की उत्तर येतं, "बरा हाव. आज सात टिकवर हाव."

आईला तिन्ही प्रकार सारखेच लागले. देवळीला जायचं झालं की म्हणते, "मले एस्टीत बसवून दे, बापा."

गतिरोधक हे त्याचं व्यासंगाचं क्षेत्र. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप त्याला तोंडपाठ आहे: उंची दहा सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर, नांगरलेल्या शेतात पाणी मुरावं तसा हलका चढउतार. आपल्याकडे मात्र गतिरोधक मोजून नव्हे, रागावून बांधतात. कोणाची शेळी दगावली की दुसऱ्या दिवशी मुरूम, गिट्टी आणि गावाची इभ्रत एका ढिगात. टर्बोभाऊनं वाटेतल्या सगळ्यांना नावं ठेवली आहेत: सरपंच, जावई, थोरला बुढा. 'जावयापाशी' आला की तो गाडी तिरपी घालतो, एकेक चाक मानानं चढवतो, एकेक उतरवतो. मागं बैलबंडी थांबलेली असते. ती शेवटी वैतागून बाजूनं पुढं जाते.

आणि समृद्धी महामार्ग? तोही आहेच. नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाला, तेव्हापासून एखाद्या रविवारी टर्बोभाऊ येळाकेळीला वर चढतो. काटा १२० वर, कारण मर्यादा तेवढीच, आणि हा मनुष्य नियमाबाहेर खत विकत नाही तर गाडी काय चालवेल. पण एका रविवारी तो उतरल्यावर गप्प होता. दोन पोहे-तर्रीनंतर बोलला. "सर, तो रस्ता भांगासारखा सरळ. ना खड्डा, ना वळण. तिथं माह्या शॉकअपले कामच नाई. अन् जिथं शॉकअपले काम हाय, तिथं गाडी दुसऱ्या गेअरच्या वर जात नाई."

मला वाटलं, आता वही बंद होणार. त्यानं पुढचं पान उलटलं. मथळा होता, 'टायर'.

गेल्या पोळ्याची गोष्ट. आदल्या दिवशी खांद शेकणी. टर्बोभाऊच्या बापानं शेतावर बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळलं आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" असं सांगितलं. इकडे टर्बोभाऊ गाडीखाली पडून शॉकअपचे खांदे पुसत होता. दुसऱ्या दिवशी मलाही शेतावर जेवणाचं बोलावणं. तीन दिवस झड लागून उघडलेली, पांदण काळी आणि लोण्यासारखी. "हळू घेतो, सर," तो म्हणाला आणि घेतली. बैलबंडीच्या दोन चाकोऱ्यांमधल्या वरंब्यावर गाडीचं पोट टेकलं, कोंबडी अंड्यावर बसते तसं. पुढची चाकं गरगरा फिरली. टर्बो सुस्कारला. सगळे १७५ न्यूटन मीटर चिखलात गेले आणि तिथून माझ्या पायजम्यावर आले.

समोरच धुऱ्यावर बैलजोडी उभी. शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. मला ऑक्स-फोर्ड आठवलं. इतिहास पुन्हा घडणार म्हणून मी चिखल झटकून सावध उभा राहिलो. टर्बोभाऊनं बापाकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं मान हलवली.

"आज नाई. आज त्यायची सुट्टी हाय."

ट्रॅक्टरवाला गावात तोरणाखाली बैल घेऊन उभा. शेवटी नव्या कपड्यांतली आम्ही नऊ माणसं पोलोला भिडलो. पोळ्याच्या दिवशी बैल रवंथ करत पाहत होते आणि माणसं जुंपलेली होती. डावीकडच्या बैलानं एकदा मान हलवली, घुंगरं वाजली. प्रोत्साहन असावं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सिंदीला मोठमोठे लाकडी नंदी निघतात. आमच्या गल्लीत वीतभर उंचीचे, चाकांवरचे, सुतळीनं ओढलेले. पोरं दारोदार जाऊन बोजारा मागत होती. कोणी नंदीला गॉगल लावला होता, कोणी बॅटरीचे दिवे. या नंदीनं कधी नांगर ओढला का, असं कोणी विचारत नव्हतं. रांगेत टर्बोभाऊची लेक होती. आणि तिच्या मागं, रात्रभर धुतलेली, बॉनेटवर झेंडूचा हार घातलेली पोलो, पहिल्या गेअरमध्ये, पोरांच्या चालीनं.

आमच्या सौभाग्यवतींनी सगळ्या नंद्यांना ओवाळलं, प्रत्येकाच्या हातावर दहाची नोट ठेवली. मग दोन पावलं पुढं जाऊन बॉनेटला कुंकू लावलं आणि दहाची नोट खिडकीतून आत दिली. मला वाटलं, हा लाजेल. त्यानं नोट कपाळाला लावली आणि वरच्या खिशात ठेवली.

तेवढ्यात लेकीचा नंदी आमच्या उंबऱ्यावर अडखळून कलंडला. टर्बोभाऊ गाडी तशीच चालू ठेवून खाली उतरला. उकिडवा बसला, नंदी उचलून सरळ केला, चाक आणि पोट यांच्यामध्ये दोन बोटं घालून पाहिली.

"चाकं लय मोठे हाय याचे," तो पुटपुटला. "थोडा खाली घ्या लागते."