मक्याला वन्स मोअर

नाटकाला जाण्याआधी त्याची पदं पाठ असली पाहिजेत, हा आमच्या घरातला शिरस्ता. वडिलांकडे नाट्यसंगीताच्या तबकड्यांची एक पेटी होती. 'मानापमान' त्यांनी रंगमंचावर कधीच पाहिलं नाही, पण त्यातली पदं ते दाढी करताना तानांसकट म्हणत आणि गाल कापून घेत. हे पद कोण कोणाला म्हणतंय असं विचारलं, की वैतागून म्हणत, "तू गाणं ऐक!" ही विद्या मी इमानेइतबारे पुढे चालवली आणि थेट न्यू यॉर्कच्या एक्केचाळिसाव्या रस्त्यावर नेऊन तिचं हसं करून घेतलं.

२०२३च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलीकडे न्यू जर्सीत, एडिसनला होतो. तिने ब्रॉडवेवरच्या 'शक्ड' या संगीत नाटकाची तिकिटं काढली. तिकिटाची किंमत मी मनातल्या मनात रुपयांत करून पाहिली आणि त्यानंतर बराच वेळ मला काही सुचलं नाही. मुलगी सांगत होती, "बाबा, मक्याबद्दल आहे. विनोदी आहे. कंट्री म्युझिक आहे. तुम्हाला आवडेलच." मका, विनोद, कंट्री म्युझिक आणि मी, यांचा एकमेकांशी काय संबंध ते मला कळेना, पण एवढे पैसे मोजून बिनतयारीचं जाणं माझ्या रक्तात नाही. जावयांनी हेडफोन दिले, फोनवर मूळ नटसंचाचा अल्बम लावून दिला, आणि मी अभ्यासाला तळघरातल्या ट्रेडमिलवर चढलो.

अमेरिकेत ही अल्बमची चाल जुनी आहे. १९४३ साली 'ओक्लाहोमा!'ची गाणी त्याच नटांच्या गळ्यातून आणि त्याच वाद्यवृंदासह डेक्का कंपनीने तबकड्यांवर काढली, ती धो धो खपली, आणि तेव्हापासून ब्रॉडवेचं नाटक आलं की पाठोपाठ त्याची ध्वनिमुद्रिकाही येऊ लागली. ज्यांना न्यू यॉर्क परवडत नाही त्यांनी घरबसल्या गाणी ऐकावीत. आपल्याकडेही पहाटेपर्यंत रंगणारी बालगंधर्वांची पदं तीन-साडेतीन मिनिटांत कोंबून गावोगाव गेलीच की. तेव्हा पद्धत माझ्या ओळखीची होती. तिच्यात एक भोक आहे, एवढंच माझ्या लक्षात आलं नाही. तबकडीवर गाणी येतात. गाण्यांच्या मधलं नाटक येत नाही. आणि 'शक्ड'मधले बहुतेक विनोद नेमके त्या मधल्या जागेत, संवादांत ठासून भरलेले आहेत. संवाद लिहिणारे रॉबर्ट हॉर्न हे गृहस्थ इतक्या कोट्या करतात, की आपल्याकडचे अट्टल कोटीबाजही त्यांच्यापुढे मितभाषी वाटावेत. त्यातलं मला हेडफोनमधून जवळजवळ काहीही मिळत नव्हतं. मिळत होते ते बँजो, फिडल, गिटार आणि दक्षिणी अमेरिकन हेलातलं इंग्रजी. माझं इंग्रजी बँकेतल्या परिपत्रकांवर पोसलेलं. त्या हेलात एकेक स्वर रबरासारखा ताणला जातो. तो परत जागेवर येईपर्यंत पुढची ओळ निघून गेलेली असे.

गाणी मात्र झकास. संगीत आणि गीतं ब्रँडी क्लार्क आणि शेन मॅकअनॅली या नॅशव्हिलच्या जोडीची. केसी मस्ग्रेव्हज या गायिकेबरोबर या दोघांनी लिहिलेल्या 'फॉलो युवर ॲरो'ला २०१४ साली कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार मिळाला होता. कंट्री गाण्याची बांधणीच अशी, की साध्या बोलण्यातला एखादा तुकडा ध्रुपदात पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि शेवटच्या फेरीला त्याचा अर्थ अलगद उलटा करायचा. म्हणजे हे कोटीबाजांचेच चुलतभाऊ; फक्त यांच्या हातात गिटार. तेव्हा अशा माणसांना मक्यावर विनोदी नाटक करावंसं वाटणं साहजिक आहे, हे मला आज कळतं. तेव्हा मी ट्रेडमिलवर कथानक रचण्यात गुंतलो होतो.

कथानक मी असं बसवलं. कॉब काउंटी नावाचा आडगावचा मुलूख. भोवताली मक्याची भिंत, त्यामुळे बाहेरच्या जगाशी संबंध नाही. पीक मरू लागतं. मेझी नावाची मुलगी, तिचा बो नावाचा नवरदेव, लग्न तोंडावर. इथवर मी बरोबर होतो, आणि तेवढ्यानेच माझा आत्मविश्वास नको इतका वाढला. मेझी शहरात जाऊन गोर्डी नावाच्या मक्याच्या डॉक्टरला घेऊन येते. हा मक्याचा डॉक्टर म्हणजे कृषी विद्यापीठातून पीकपाहणीला आलेला अधिकारी, हे मी क्षणात ताडलं. त्याच्या गाण्याचं नाव 'बॅड' आहे हे पाहून तर खात्रीच पटली. पिकाची अवस्था वाईट आहे, असा त्याचा अहवाल असणार. अहवाल गाऊन सादर करतात, म्हणून संगीत नाटक. बो 'समबडी विल' म्हणतो ते मी शासकीय मदतीबद्दलचं धरलं: कोणीतरी करेलच. दोन निवेदक अधूनमधून गातात, त्यांना मी तलाठी आणि ग्रामसेवक करून टाकलं.

ही संपूर्ण हकिगत मी रात्री जेवताना बायकोला सांगितली. ती म्हणाली, "यात हसायचं कुठे?" मी म्हटलं, "उपहास आहे. तुला हळूहळू कळेल."

नीडरलँडर थिएटरात आम्ही चौघं ओळीत बसलो. समोर लाकडाचं एक भलंथोरलं, कललेलं धान्याचं कोठार. पडदा वगैरे भानगड नाही. निवेदक दोघे आले आणि आल्या आल्या सबंध प्रेक्षागृह हसू लागलं. हे अल्बममध्ये नव्हतं! मी सावरतोय तोवर पुढचा विनोद, तो पकडतोय तोवर त्याच्या पुढचा. बोचा पीनट नावाचा एक भाऊ आहे. हा नुसता उभा राहतो, एक वाक्य बोलतो, लोक लोळतात, तो दुसरं बोलतो. अल्बममध्ये मी या माणसाकडे लक्षच दिलं नव्हतं. मी त्याला अल्पभूधारक समजून सोडून दिलं होतं.

मध्यंतरी कधीतरी मुलीने कानात सांगितलं, की या नाटकाचं मूळ 'ही हॉ' नावाच्या १९६९च्या दूरदर्शन मालिकेत आहे. त्यात माणसं मक्याच्या शेतातून डोकं वर काढून एक विनोद सांगत आणि परत खाली जात. याच मंडळींनी २०१५ साली डॅलसमध्ये त्यावर एक नाटक केलं, मग ते जवळजवळ सगळं मोडून हे उभं केलं. मला ते शेत फार आवडलं. विनोद करून लगेच लपायची सोय आपल्याकडेही पाहिजे होती.

मग गोर्डी आला. मी बायकोकडे झुकून म्हटलं, "हा तो अधिकारी." तेवढ्यात थिएटर खदाखदा हसलं आणि त्यात आमची ही सगळ्यांत मोठ्याने. मला कळेना. ती डोळे पुसत म्हणाली, "अहो, पायाच्या कुरपाचा डॉक्टर आहे तो! कुरपालाही कॉर्नच म्हणतात ना. ती बिचारी पाटी वाचून घेऊन आली." टँपा शहरातला हा डॉक्टर कसला, लफंगाच, मेझीच्या हातातल्या कड्यातले खडे मौल्यवान आहेत असं वाटून आलेला. म्हणजे अख्खं नाटक या एका गैरसमजावर उभं होतं, आणि मी तोच गैरसमज बाहेर बसून, हेडफोन लावून, स्वतःच्या बळावर करून घेतला होता. बायकोने एकही गाणं आधी ऐकलेलं नव्हतं. तिला सगळं समजत होतं.

मी आणखी काही सांगायला तोंड उघडलं, तर तिने माझा हात दाबला. "तुम्ही गाणी ऐका. नाटक मी बघते."

ऐकलं की मग! लुलू ही मेझीची चुलतबहीण, मक्याची व्हिस्की गाळून विकणारी, कोणाच्या बापाला न भिणारी. ही भूमिका ॲलेक्स न्यूवेल यांची, जिच्यासाठी त्याच जूनमध्ये त्यांना टोनी पुरस्कार मिळाला होता. 'इंडिपेंडन्टली ओन्ड' सुरू झालं आणि मी ताठ बसलो. हे मला पाठ होतं. कुठे आवाज खाली उतरणार, कुठे चढणार, कुठल्या जागेला छप्पर उडणार, सगळं ठाऊक. आणि तरी ती जागा आली तेव्हा मानेवर काटा उभा राहिला. गाणं संपलं आणि अख्खं थिएटर उभं राहून ओरडू लागलं. नाटक थांबलं. अशा वेळी मराठी माणसाने काय करायचं असतं, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. भरत नाट्य मंदिरातल्या बाल्कनीत कमावलेल्या आवाजात मी आरोळी ठोकली, "वन्स मोअर!"

पहिली आरोळी टाळ्यांत बुडाली. म्हणून दुसरी जरा जोरात दिली. ती नेमकी टाळ्या थांबल्यावर पडली.

ब्रॉडवेवर वन्स मोअर देत नाहीत. शब्द त्यांच्याच भाषेतले, पण त्यांना त्याचा उपयोग माहीत नाही. पुढच्या रांगेतल्या एक गोऱ्या बाई मागे वळल्या आणि मला वाटलं आता पोलीस बोलावतात, पण त्या मोठ्या प्रेमाने "आय नो, राइट?" म्हणाल्या. मुलगी खुर्चीत इतकी खाली सरकली होती, की तिची जागा रिकामी वाटत होती. जावई कार्यक्रमपत्रिका वाचत होते, अंधारात.

दुसऱ्या अंकात मी गप्प होतो, त्यामुळे बरंच दिसलं. 'बेस्ट मॅन विन्स'मध्ये मला तळघरात नुसता पुरुषांचा कोरस ऐकू यायचा. इथे ती दांडगी पोरं पिंपांवर आणि फळ्यांवर तोल सांभाळत नाचत होती. हे कुठल्या तबकडीत कसं मावणार? वडिलांची आठवण झाली. त्यांनी 'मानापमान' पाहिलं असतं तर, असं मनात आलं. मग वाटलं, बरंच झालं, त्यांनी चालू प्रयोगात भामिनीला कोणतं पद आधी म्हणायचं ते सांगितलं असतं.

पुण्याला परतल्यावर सकाळच्या फिरण्यातल्या मंडळींनी ब्रॉडवेबद्दल विचारलं. बायको सोबत नव्हती, म्हणून मी माझ्याच आवृत्तीतली गोष्ट सांगितली. तीच मला जास्त पाठ होती. आमच्यातल्या एकांची सिल्लोडकडे शेती आहे, घरचा मकाच असतो. ते इतका वेळ माना डोलवत होते. शेवटी म्हणाले, "लष्करी अळी असणार. २०१८ला आपल्याकडे आली ना, ती मूळची तिकडचीच. बरं, त्या साहेबाने पंचनामा केला का?"

मी आठवून पाहिलं. म्हटलं, "त्यावर गाणं नाही."

"मग पीकविम्याचं अवघड आहे," ते म्हणाले, आणि पुढचे दोन थांबे आम्ही सगळे कॉब काउंटीच्या काळजीत चाललो.