तीरस्थ-प्रेक्षक-मीमांसा

चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' ग्रंथात मत्स्यविनोदाचे सांगोपांग विवेचन केले. गळ, आमिष व मत्स्यजाती यांना त्यात यथोचित स्थान लाभले. परंतु दुसऱ्याचा गळ पाहत तासन्‌तास उभा राहणारा मनुष्य शास्त्राविना राहिला. ती उणीव दूर करणे हे प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन होय.

अध्ययनक्षेत्र : मुंबईचा पवई तलाव. १८९१ च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या या जलाशयाचे पाणी पुढे पिण्यास अयोग्य ठरले. पेयत्व लोपले, प्रेक्षणीयत्व उरले. हौशी गळकऱ्यांची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन येथेच आहे.

व्याख्या : गळधारकाच्या पाठीशी, स्वतः गळ न बाळगता, घरी जाण्याची निकड असूनही जो स्थिर राहतो, तो 'तीरस्थ'. त्याचे भेद चार.

१. पृच्छक. हा प्रथम बादलीत डोकावतो, ती रिकामी असल्याची खात्री करतो आणि मगच विचारतो, "काय, लागलं का काही?" येथे दोन संप्रदाय संभवतात. प्रत्यक्षवाद्यांच्या मते बादली पाहिल्यावर प्रश्नास अवकाशच नाही. शब्दवादी म्हणतात, बादली केवळ मत्स्याभाव दाखवते. त्या अभावाचे दुःख गळधारकाच्या मुखातूनच सिद्ध व्हावे लागते. आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे, कारण उत्तर मिळताच पृच्छकाच्या मुखावर समाधान उमटते.

२. उपदेशक. "कणीक सैल झालीय, घट्ट मळा." याने पूर्वी गळ धरलेला असणे आवश्यक नाही; असल्यास उपदेशाचा वेग मंदावतो.

३. स्मार्त. गावच्या धरणावरील कटला दोन्ही हातांनी दाखवतो. श्रोते वाढल्यास हात फाकतात.

४. मौनी. बोलत नाही, हलत नाही. तो मासे पाहतो की बसची वाट पाहतो, हे बस येईपर्यंत अनिर्णित राहते.

तलावातील मगरींचा प्रश्न बिकट आहे. त्याही काठावर निश्चल पडून असतात, पृच्छा करीत नाहीत, उपदेश देत नाहीत. सबब त्यांना चतुर्थ वर्गात घ्यावे, असे आमचे मत आहे. मौनी वर्गाने यावर अद्याप हरकत नोंदवलेली नाही.