डाव्या हातावर केस नसलेला माणूस

हस्तकला प्रदर्शनात हा गृहस्थ ओळखायचा असेल तर त्याचा डावा हात बघा. मनगटापासून कोपरापर्यंत एक केस नाही. उजव्यावर मात्र जंगल. पात्याला धार आली का, हे तो त्या हातावर तपासतो. आणि एकदा तपासून त्याचं समाधान होत नाही.

कधीकाळी तो बऱ्या पगाराच्या नोकरीत होता. आता गच्चीवर सुऱ्या घडवायची भट्टी आहे आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी अबोला आहे. भंगारातून ट्रकचा कमानपाटा आणायचा, लाल करून ठोकायचा, ७७० अंशांच्या आसपास चुंबक चिकटेनासं झालं की आणखी जरा तापवून तेलात बुडवायचा. मग घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास. त्या ओव्हनमध्ये त्यानंतर नानकटाई झालेली नाही. हाच पाटा घिसाडी रस्त्याकडेला ठोकतात, कोयता करतात, विकतात आणि पुढच्या गावाला लागतात. त्यांना प्रदर्शन लागत नाही. फॅरेडेही लागत नाही.

याला लागतो. कुणी ‘केवढ्याला?’ विचारलं की हा १८१९ पासून सुरुवात करतो. मायकेल फॅरेडेनं आपल्या वुट्झ पोलादाचा अभ्यास केला होता; हो हो, विजेवाला फॅरेडे तोच. हल्ली दमास्कस म्हणून विकतात ते थरावर थर जोडलेलं वेगळं पोलाद, त्याची वुट्झशी गल्लत करू नका. गल्लत करायला समोर कुणी उरलेलंच नसतं. बाई एव्हाना शेजारी टेराकोटाचे झुमके कानाला लावून बघत असतात.

चिवट गिऱ्हाईक मात्र हलत नाही.

‘‘गंजते का हो?’’

‘‘कार्बन स्टील आहे. लिंबू, चिंच लागली की लगेच धुवायची, कोरडी करायची, तेलाचं बोट फिरवायचं.’’

‘‘म्हणजे गंजते. आमच्या विळीचं नाही बाई एवढं कौतुक करावं लागत.’’

खरं तर लोखंडी विळीही गंजते. पण ती पुसून ठेवणं हे घरातल्या बाईचंच काम, त्यामुळे त्याला देखभाल म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

मग येतात निवृत्त काका. ‘‘लायसन आहे का?’’ याची तर तो वाटच बघत असतो. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्रात मोडतं, घरगुती आणि शेतीच्या अवजारांना सूट, हे सगळं तोंडपाठ. काका पट्टी मागवून मोजतात, समाधान पावतात आणि पापड घ्यायला जातात.

प्रात्यक्षिकाला गर्दी जमते. टोमॅटोला हात न लावता त्याची कागदासारखी चकती काढली की पोरं टाळ्या वाजवतात. संध्याकाळपर्यंत आजूबाजूच्या स्टॉलना कोशिंबीर फुकट. विक्री नाही.

आणि खरोखर पैसे काढणारा कुणी आलाच, तर हा उपवर मुलीच्या बापासारखा चौकशीला बसतो. घरी धारेचा दगड आहे का? सुरी सिंकमध्ये टाकून ठेवत नाही ना? कापता कशावर? परवा एक तरुण ‘‘काचेच्या बोर्डावर’’ म्हणाला. गृहस्थानं शिसवाच्या मुठीची ती सुरी हळूच मागे ओढली. बायकोनं तितक्याच हळूच क्यूआर कोड पुढे सरकवला. पैसे जमा झाल्याचा आवाज झाला, सुरी म्यानात गेली, म्यान पिशवीत. तरुण पार्किंगमध्ये पोचला तरी हा मागोमाग येतच होता, ‘‘लाकडी घ्या हो बोर्ड! मी देतो एक करून!’’